दोन रामेश्वर प्रसाद

बर्था बाप्तिस्तला मी शाळेपासून ओळखते. मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि घरी बसले. ती म्हापशाला मावशीकडे राहून कॉम्प्युटर शिकून आली. मालवणच्या मच्छीमार सोसायटीत मशीन आलं तेव्हा त्याच्यासमोर बसायची हिंमत तिनेच केली.

"चावणा नाय गो तां," ती मला म्हणायची. "विचारलास तेवढांच सांगता. तुझ्यासारख्यां बडबडणा नाय."

ऑक्टोबरात वादळ उठलं तेव्हा पुष्कळ होड्या बाहेर होत्या. बर्थाचा भाऊ सोकोरो एका होडीवर खलाशी होता. दुपारी सेक्रेटरी भिकाजीभाऊंनी तिला न परतलेल्या होड्यांची यादी काढायला सांगितली. ती पोलिसांच्या वायरलेसवरून विजयदुर्गला कळवायची होती; वादळात होड्या तिथल्या बंदरात आसरा घेतात. मी बर्थाजवळच बसले होते. घरात बसवत नव्हतं.

मशीनने नावं शोधली आणि विचारलं, फाईल कशी ठेवू? रकान्यांची की स्वल्पविरामांची? रकान्यांची देखणी, पण रकाना ठरलेल्या रुंदीचा. न मावणारी अक्षरं कापली जातात. स्वल्पविरामांच्या फाईलीत सगळं राहतं, पण एकाला एक चिकटून.

"रकान्यांची कर," भिकाजीभाऊ म्हणाले. "दुसरी म्हणजे मुंग्यांची रांग. वायरलेसवाल्याला वाचता यायला नको?"

बर्थाने रकाने निवडले. कागद निघाला, तेवढ्यात दाराशी जमलेल्या बायकांनी तिला बाहेर बोलावलं. भिकाजीभाऊ कसालचे, समुद्रापासून दूर हमरस्त्यावरच्या गावातले. त्यांनी यादी चाळली. "हे नाव दोनदा आलंय," म्हणाले आणि दोन्ही प्रतींत एका ओळीवर पेन फिरवलं. एक प्रत चौकीवर गेली, एक बर्थाच्या टेबलावर राहिली.

संध्याकाळी निरोप आला. श्री रामेश्वर प्रसाद विजयदुर्गात पोचली, सगळे सुखरूप.

सोकोरोची होडी. कुणीतरी सायकलवरून देवबागला बर्थाच्या आईकडे धावलं. भिकाजीभाऊंनी चहा मागवला. "आता तरी हस गो."

बर्था हसली. यादीत खूण करायला वाकली आणि तशीच राहिली. खोडलेल्या ओळीवर तिचं बोट होतं.

आमच्याकडे होडीला रामेश्वराचं नाव देणारे खूप. म्हणून नावापुढे वाडी लावतात. श्री रामेश्वर प्रसाद, देवबाग. श्री रामेश्वर प्रसाद, दांडी. रकान्यात वाडी मावली नव्हती.

"नीरजा," ती हळूच म्हणाली, "दोन आसत."

"मगे इली ती खंयची?"

ते कागदावर नव्हतं. देवबागला एव्हाना तिच्या आईने मेणबत्ती लावली असणार.

"वायच थांब," मी म्हटलं. "आपलीच आसात."

"आणि दुसरी? तिचां नावच खोडलां. तिका कोण शोधतलो?"

तिने पुन्हा मशीन चालवलं. पुन्हा तोच प्रश्न आला. दोनदा तिने चुकीची कळ दाबली. मग स्वल्पविराम. कागद निघाला, गिचमिड आणि पूर्ण. भिकाजीभाऊंनी तो वाचला. चहा तसाच ठेवून त्यांनी आम्हाला चौकीवर पिटाळलं.

चौकीत हवालदाराने विजयदुर्गला विचारलं, आलेली होडी कुठल्या वाडीची, आणि आम्ही बाकावर बसलो. वायरलेसची खरखर चालू होती. बर्थाची नखं माझ्या मनगटात रुतली होती. स्वल्पविराम म्हणजे वाचताना थोडं थांबायचं, असं आम्ही दोघी एकाच वर्गात शिकलो होतो.

"श्री रामेश्वर प्रसाद," पलीकडचा आवाज म्हणाला, आणि थांबला. "दांडी."

बर्था उठली. हवालदाराला न परतलेल्यांच्या यादीत देवबागच्या होडीचं नाव पुन्हा लिहायला लावलं, वाडीसकट. मग मला म्हणाली, "आधी आनंदीबायकडे जावया."

दांडीच्या आनंदीबाईंचा मुलगा त्या होडीवर होता. त्यांना कुणीच काही कळवलं नव्हतं. बातमी ऐकून त्यांनी बर्थाला मिठी मारली, तिच्या तोंडात साखर घातली. तिचा भाऊ कुठल्या होडीवर आहे, हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. बर्थाने आठवण करून दिली नाही.

मग आम्ही देवबागची वाट धरली. वाऱ्याने माड वाकत होते. ती एकदाच बोलली.

"आता तरी तेका शोधतले ना गो?"