ओठाने लागणारा दिवा

टॉर्चवर दातांच्या खुणा होत्या. घड्याळवालीने डोळ्याला भिंग लावून त्या मोजल्या. सात. लेक रात्री टपालाचं छोटं विमान उडवते हे तिला ठाऊक होतं. ती टॉर्च दातांत धरून उडवते हे आज कळलं.

“दोन्ही हात गुंतलेले असतात गं आई,” लेक जेवता जेवता म्हणाली. “नकाशा वाचायचा तर दुसरं काय करू? परवा तो तोंडातून सुटला नि थेट पायाखालच्या पेडलमागे जाऊन बसला.”

“मग?”

“पायानेच उकरून काढला. जेव ना तू.”

आईने ताट बाजूला सारलं. पण नोकरी सोड, असं ती म्हणाली नाही. नवऱ्यामागे जिन्याखालचं दुकान तिने हाती घेतलं, तेव्हा लोक म्हणाले होते, “बाईने उघडलेलं घड्याळ पुन्हा चालेल का?” त्याला तेवीस वर्षं झाली. घड्याळं चालत होती.

दुसऱ्या दिवशी एका मनगटी घड्याळावर काम करताना तिच्या लक्षात आलं, की एका हातात चिमटा आहे, दुसऱ्यात पेचकस, आणि स्क्रू मात्र ओठांत धरलाय. हात अडकले की ती कायम ओठांनीच काम चालवायची. झालं, तिला वाट सापडली. लेकीच्या हेडफोनचा माइक ओठांसमोरच असतो. त्याच्या दांडीवर तिने तांदळाएवढा लाल दिवा, घड्याळाचा बटणसेल आणि पातळ पत्र्याची कळ बसवली. ओठ टेकला की उजेड, सुटला की अंधार.

मंगळवारी ती लेकीबरोबर विमानतळावर गेली. तिथल्या मोठ्या मिस्त्रींच्या सहीशिवाय विमानात टाचणीही जात नसे.

“ताई, घरी केलेली वस्तू इथे चालत नाही,” मिस्त्री म्हणाले.

“का चालत नाही तेवढं सांगा. तेवढं दुरुस्त करते.”

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडक्या लावून अंधार केला आणि लेकीपुढे नकाशा टाकला. “वाच.”

लेक ओठ टेकवून भराभर वाचत गेली. नदी, पूल, टेकडी.

“टेकडीभोवतीचं वर्तुळ?”

“कुठलं वर्तुळ?”

मिस्त्रींनी ट्यूब लावली. टेकडीभोवती ठसठशीत लाल वर्तुळ होतं. आत शिरू नका, असं सांगणारं. लाल उजेडात लाल शाई कागदात विरून गेली होती.

घड्याळवालीने त्या वर्तुळावरून बोट फिरवलं. टॉर्चने निदान हे वर्तुळ तरी दाखवलं असतं.

“चूक माझी,” ती म्हणाली. “लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, एवढंच धरून बसले.”

“जाऊ दे आई,” लेक हळूच म्हणाली. “गुरुवारी डोंगरावरची फेरी आहे. टॉर्च घेऊन जाईन.”

“आज मंगळवार आहे. मी उद्या येते.”

बुधवारी ती आली तेव्हा दिवा पांढरा होता आणि इतका मंद, की नकाशापलीकडे काही दिसू नये. मिस्त्रींनी तो ओढून पाहिला, टेबलावर आपटून पाहिला. शेवटी स्वतःच हेडफोन चढवून अंधारात बसले. दिवा सारखा लागायला लागला.

“हा आपोआप पेटतोय, ताई.”

“तुमच्या मिशा लागतायत कळीला. माझ्या लेकीला मिशा नाहीत.”

लेक खुदकन हसली. मिस्त्रींनी मिशा बोटांनी दाबून धरल्या आणि नकाशा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वर्तुळासकट. मग सही केली.

शुक्रवारी सकाळी लेक घरी आली आणि बूटसुद्धा न काढता पलंगावर आडवी झाली. आईने तिच्या बॅगेतून टॉर्च काढला, भिंग लावलं, सावकाश फिरवून पाहिला. सातच.

“हा आता कपाटात ठेवू का गं?”

“नको,” लेक उशीत तोंड खुपसून म्हणाली. “जोडीला एक लागतोच. नियम आहे.”

“बरं,” म्हणत घड्याळवालीने त्यात नवे सेल घातले, दोनदा लावून पाहिला आणि बॅगेत परत ठेवला.