शुक्रावरची आंघोळ

कोजागिरीनंतरचा रविवार, सकाळ. हजर: कुहीहून आलेली माझी आत्या, आमचे हे, लेक रुचा, रुचाने पसंत केलेला निखिल आणि मी. गैरहजर: माझी अक्कल.

विषय एकच होता, रुचा-निखिलचं लग्न. बाबा गेल्यापासून आत्याने 'हो' म्हटल्याशिवाय आमच्याकडे कोणाची तारीख निघत नाही. आत्याची पद्धत अशी, की मुलाला समोर बसवायचं आणि जेवणाची पानं वाढेपर्यंत प्रश्न विचारायचे. माझ्या भाचीसाठी आलेला एक चांगला इंजिनिअर धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, कधी होते या प्रश्नावर बाद झाला होता! निखिल तर हैदराबादला बसून सिनेमांतल्या कॉम्प्युटरच्या करामती करतो. त्याला रोवणी म्हणजे काय, इथून सुरुवात होती.

म्हणून मी नीट नियोजन केलं. आधी तर्री-पोहे, मग चहा आणि सोबत सिनेमा. तोंडात पोहे, डोळे टीव्हीवर. प्रश्नांना जागाच नाही!

सिनेमाही मीच निवडला. शुक्रावर जाणाऱ्या शास्त्रज्ञांची ती जुनी, गाजलेली कादंबरी मी शाळेत असताना मराठीतून वाचली होती आणि तिच्यावरचा इंग्रजी सिनेमा बाबांसोबत टीव्हीवर पाहिला होता. "अख्ख्या खानदानाने मांडीला मांडी लावून बघावा असा स्वच्छ सिनेमा! नाही तर तुमचे आजकालचे!" हे रुचा जन्मापासून ऐकत आली आहे.

सिनेमा सुरू झाला. यान म्हणजे सरळसरळ गॅसचं सिलिंडर, वर बांधलेला दोरा. शुक्राचे डोंगर थर्माकोलचे. शुक्रवासी हिरवे रेनकोट घालून हिंडत होते (एकाची चेन उघडी होती). निखिल ओठ घट्ट दाबून बसला होता.

"कसं वाटतंय?" मी त्याला विचारलं.

"छान आहे, काकू. मेहनत दिसते."

"दोरा बी दिसते," आत्या म्हणाली.

तेवढ्यात यानातून एक शास्त्रज्ञ बाई उतरली. मी चक्रावले. कादंबरीत एकही बाई नव्हती! ही सिनेमावाल्यांनी पदरची घातली होती. कशाला, ते शुक्रावरचं तळं आल्यावर समजलं. बाईंनी अंतराळातला पोशाख काढायला घेतला.

आणि मला लख्ख आठवलं! लहानपणी सिनेमा बघताना बाबा मध्येच उठायचे, टीव्हीसमोर उभे राहायचे आणि स्टॅबिलायझर ठीक करायचे. बराच वेळ करायचे. म्हणजे मी जो स्वच्छ सिनेमा पाहिला होता, त्यात अर्धीअधिक बाबांची पाठ होती!

मी पोह्यांचं पातेलं घेऊन टीव्हीसमोर उडी मारली. "आत्या, अजून वाढू?"

"बाजूले सरक वं, वासंते! काहून मधात येऊन राहिली?"

बाबांचं जमायचं, कारण तेव्हाचा टीव्ही पाटीएवढा. आमचा यांनी हौसेने घेतलेला, भिंतभर. माझ्या डावीकडून बाईंचा खांदा आणि उजवीकडून पोहत येणारा नायक!

"अहो, पुढे ढकला!" मी ओरडले.

"कोणाला?"

"सिनेमाला!"

यांनी घाईने रिमोट दाबला. सिनेमा पुढे गेला नाही, थांबला. नेमका चुंबनावर! मग रिमोटनेच मान टाकली. यांनी तो मांडीवर आपटला, सेल काढून चोळले, उलटे बसवले. रुचा उशीत तोंड खुपसून थरथरत होती.

आत्याने चष्मा पदराने पुसला, पुन्हा लावला, भिंतभर चुंबन शांतपणे पाहिलं आणि निखिलकडे वळली.

"काय करून राहिले गा हे?"

गेलं लग्न, मी मनात म्हटलं.

निखिल चक्क उठून उभा राहिला. "ऑक्सिजन देऊन राहिला, आत्या. तिथे श्वास घेता येत नाही ना."

"अन् आंघोळ?"

"अंगावर किरणं बसतात. धुवावी लागतात."

आत्याने पोह्यांवर तर्री ओतून घेतली. "वासंते, पोरगा खोटं बोलते. पन तुह्या इज्जतीसाठी बोलून राहिला. चालते."

"म्हणजे हो ना, आत्या?" रुचा उशीतून बाहेर आली.

"पिक्चर कुठं पुरा झाला वं? ती बाई घरी वापस येते का नाही, ते पाहिल्याबिगर मी काही बोलत नाही. कापणी झाली का येतो."

थोडक्यात, माझ्या लेकीचं लग्न सध्या शुक्रावर अडकलं आहे. कापणी संपत आली. नवे सेल आणले, तर्रीचा मसाला दळून आणला. उरलेला सिनेमा आत्याच्या आधी एकटीने डोळ्यांखालून घालणे, एवढंच काम बाकी आहे. रोज दुपारी पहिल्यापासून लावते. पण काय सांगू, ज्या सिनेमाचे गोडवे मी जन्मभर गायले, तो सुरू झाला की यान उडायच्या आत मी घोरायला लागते!