आन् पाटोद्याचं काय?

"आन् पाटोद्याचं काय?"

कुठलीही बातमी सांगा, तात्या टोपी मागं सारून हेच विचारणार. आमच्या नेकनूरला पाऊस नाही, बरं. पण पाटोद्याला झाला का? तिथंही नसला तर त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

दिवाळी झाली की माझे आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे. घराला कुलूप. माझी शाळा झाली ती तात्यांच्या घरची भाकर खाऊन. बीए झालो, घरातला पहिला. पहिला पेढा त्यांनाच दिला. "शाब्बास," ते म्हणाले, "पाटोद्यात किती झाले रं?"

सोसायटीत शिपाई असलेले तात्या आमच्या कबड्डी संघाचे सर्वेसर्वा. मैदानावर रेघांची पांढरी फक्की तेच मारायचे. समोर पाटोदा असलं की त्यांच्या बाजूच्या अंगणाची मागची रेघ हळूच हातभर आत वाकवायचे. मध्यंतरानंतर बाजू बदलते आणि तेच आखूड अंगण आपल्या वाट्याला येतं, हे त्यांना कधीच सुचलं नाही. मग काठावर बसून ओरडायचे, "अय गुळाच्या ढेपा, हाल की! मुंगळे लागतील!" हरलेल्या गावानं जिंकलेल्याला गूळ-पाणी द्यायचं, ही जुनी रीत.

आम्ही खेळायचो तो चषक साखर कारखान्याचा होता. दुष्काळात कारखाना बंद पडला, चषकही गेला. स्पर्धा जिल्ह्याच्या समितीनं घेतली आणि संघांचे दोन गट पाडले. आम्ही एकात, पाटोदा दुसऱ्यात. आता गाठ पडायची ती अंतिम फेरीतच. दोन्ही संघ पाहिलेल्या कुणालाही विचारा, ते होणार नव्हतं.

पहिल्याच सामन्याला कुठून तरी लांबून संघ आला. पोरांनी आल्याआल्या हात जोडले. तात्यांनी उठून तोंड उघडलं आणि पुन्हा बसले.

"ह्यांचं गाव बी म्या बघितलं न्हाई. वंगाळ काय बोलू?"

आम्ही जिंकलो. तात्या गुळाला हात न लावता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू बीए हायस, अर्ज लिही. पाटोद्याला हरवल्याबगर आमाला करमत न्हाई, असंच लिही." मी तसंच लिहिलं. उत्तर आलं, गटरचना अंतिम आहे.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका बाजाराच्या दिवशी तात्या मला घेऊन एसटीनं थेट पाटोद्याला गेले. तिथले कबड्डीचे मास्तर एका दुकानाच्या ओट्यावर बसले होते.

"काय तात्या, हरायला गावात कुणी मिळंना का?"

तात्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "मास्तर, तुमच्यावानी हुलकावणी खाणारं कुणी न्हाई बगा. आमची पोरं आळशी व्हायलीत."

चहा होईस्तोवर ठरलं. मांजरसुंबा दोघांच्या मधोमध; तिथं ढाब्यामागं मोकळं रान. समिती नको, चषक नको. पाणी ज्याचं त्यानं आणायचं, गूळ मात्र हरणाऱ्याचा.

तो सामना आम्ही हरलो. तात्यांनी स्वतः मास्तरांच्या हातावर गूळ ठेवला. "खावा. पुढच्या साली तुमचा खाईन." आणि खाल्लाही.

तात्या गेले तेव्हा पाटोद्याहून टेम्पो भरून माणसं आली होती. त्यानंतरच्या सामन्याला फक्की मी मारली, दोरी धरून, चांगली सरळ. मास्तर त्यांच्या अंगणात मागं गेले, रेघेशी वाकून ती न्याहाळू लागले.

"बीए झालास न्हवं?" ते म्हणाले. "ही तात्याची रेघ न्हाई. पूस."

मी पुसली आणि हातभर आत वाकवून मारली.

जिल्ह्याच्या यादीत आजही दोन गट आहेत. आमचा सामना त्यातल्या कुठल्याच गटात नाही. पण दरसाल होतो.