शुनेमच्या बाईची पुढची गोष्ट

शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, शुनेमच्या बाईला नाव नाही. तरी उदगीरच्या आमच्या चर्चमध्ये लेकरू नसलेल्या प्रत्येक बाईला ती तोंडपाठ असते, कारण पाळकसाहेब घरी जेवायला आले की हात धुऊन तोच अध्याय काढतात. त्या बाईने येणाऱ्या-जाणाऱ्या संदेष्ट्यासाठी माळवदावर खोली बांधली, खाट आणि दिवा ठेवला. तुझ्यासाठी काय करू, असं त्याने विचारलं तर म्हणाली, मी माझ्या माणसांत राहते, मला काही नको. पुढच्या वर्षी याच दिवसांत तुझ्या मांडीवर मुलगा असेल, असं तो म्हणाला आणि तसंच झालं. इथे पाळकसाहेब शास्त्र मिटायचे आणि डोक्यावर हात ठेवायचे.

माझ्याही डोक्यावर ठेवला. मी शाळेत शिकवते, दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळते, आणि रविवारी चर्चच्या दारात एक म्हातारी माझ्या पोटाकडे बघत विचारायची, "काय, बरं हाय का?" मंडळीची चौकशी कमिटी ती एकटीच. "बरं हाय" म्हणून मी सटकायचे. तिचा मला मनापासून राग यायचा. म्हणूनच पाळकसाहेबांनी ते वचन माझ्यावर म्हटलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "साहेब, असं बोलू नका. मला आशा लावू नका." ते हसले आणि त्यांनी आमेन म्हटलं.

मग खरंच दिवस राहिले. मुरुडहून आई फोनवर म्हणाली, "आत्ताच गाजावाजा करू नको." पण आमच्याकडे देवाने दिलं की चर्चमध्ये सगळ्यांसमोर साक्ष द्यायची असते. मला पुढे उभं केलं, टाळ्या झाल्या, मंडळीच्या ग्रुपवर दिवसभर हात जोडलेली चित्रं येत राहिली. त्याच सुमारास पाळकसाहेबांची नांदेडला बदली झाली. जाताना ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, बाप्तिस्म्याला मलाच बोलवायचं.

पाचव्या महिन्यात लातूरच्या दवाखान्यात सगळं संपलं. मुलगा होता. दिलेली साक्ष परत घ्यायची काही रीत आमच्याकडे नाही.

लोक आले, देवाची मर्जी म्हणाले, चहा पिऊन गेले. मी सगळ्यांना बरं हाय म्हणत होते. नवराही मोंढ्यावर कामाला जायला लागला, मी शाळेत. फक्त रात्री प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द फुटत नव्हता. चर्च सुटलं असतं तरी मला चाललं असतं. पण लहानपणापासून ज्याच्याशी बोलत आले, त्याच्याशीच आता बोलणं उरलं नाही, याची मला फार भीती वाटत होती.

आई राहायला आली आणि दोन-चार दिवसांत तिने ते ओळखलं. एका दुपारी तिने तोच अध्याय उघडला आणि म्हणाली, "पुढचं कधी वाचलंस का?" वाचलं होतं, पण उरकून टाकल्यासारखं. ती सावकाश वाचू लागली. मुलगा मोठा झाला, शेतात त्याचं डोकं दुखलं, दुपारी आईच्या मांडीवर तो मेला. तिने त्याला संदेष्ट्याच्या खाटेवर ठेवलं, दार ओढलं आणि गाढवावर खोगीर घालायला लावलं. नवऱ्याने विचारलं, आजच कशाला? ना सण, ना शब्बाथाचा वार. ती म्हणाली, बरं आहे. संदेष्ट्याचा चाकर धावत सामोरा आला, त्यालाही म्हणाली, बरं आहे. संदेष्ट्यापाशी पोचल्यावर मात्र तिने त्याचे पाय धरले. मी मुलगा मागितला होता का? मला फसवू नका, असं म्हटलं नव्हतं का? चाकर तिला दूर लोटायला गेला तर संदेष्टा म्हणाला, राहू दे तिला, तिच्या जिवाला फार लागलंय.

आईने शास्त्र मिटलं. "चाकराला न्हाई सांगितलं तिनं. जिथं सांगायचं तिथं सांगितलं. तू तर देवालाबी बरं हायच म्हणून राहिलीस."

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडच्या एसटीत बसलो. निघताना नवरा विचारत होता, आज ना रविवार ना काही, काय काम काढलं? मी म्हणाले, "बरं हाय, येते जाऊन." आई माझ्याकडे बघून गालात हसली.

पाळकसाहेबांनी सलाम केला, खुर्च्या दिल्या. मी बसले नाही. "मी लेकरू मागितलं होतं का तुम्हाला? आशा लावू नका म्हटलं होतं ना?" आवाज चढला होता. पाळकीणबाई चहाचा ट्रे ठेवून धावत आल्या. "असं बोलू नाही बाई, देवाच्या माणसाला." त्या माझा दंड धरून आत नेऊ लागल्या.

"राहू दे," पाळकसाहेब म्हणाले. "बोलू दे तिला."

मी बोलले, पोटात होतं नव्हतं तेवढं सगळं. चहावर साय धरली. शेवटी ते म्हणाले, "मला देवानं काही सांगितलं नव्हतं. मीच बोललो." त्या दिवशी त्यांनी शास्त्र उघडलं नाही आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. मला ते बरं वाटलं.

शुनेमच्या बाईचा मुलगा पुढे जिवंत होतो. माझा झाला नाही, आणि त्या वचनांशी माझं अजून पटत नाही. मला मधलं पान पुरतं. पाय धरून रागाने बोललेलंही देव ऐकतो, तिथून कुणी लोटून देत नाही, एवढं मी त्या बाईकडून घेतलं. परतताना खिडकीच्या गजाला डोकं टेकवून मी उदगीर येईपर्यंत देवाशी भांडले. मधूनच आई शेंगदाणे पुढे करायची.

रविवारी दारात म्हातारी होतीच. "काय, बरं हाय का?"

"न्हाई," मी म्हणाले. "बरं न्हाई."

पुढचा प्रश्न येईल म्हणून मी दात आवळून उभी राहिले. तिने हातातली पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसली आणि मलाही हाताला धरून बसवलं. आत पहिलं गीत सुरू झालं होतं.

"माझंबी गेलं होतं एक," ती म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाई."