धास्तीची पाच पानं

ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी व्हिडिओ फोनवर निहारनं विचारलं, "आजी, आजोबा शेवटी शेवटी विसरायला लागले होते का गं?" मी म्हणाले, "हो रे, थोडंसं." तुमच्या आईनंही मान हलवली आणि आपण दुसऱ्या विषयाकडे वळलो. आजोबांना जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते आणि घरात सगळ्यांनी तेच उत्तर धरून ठेवलं होतं. बुधवारी मोशीहून आजोबांचे मित्र हरिभाऊ आले, तासभर बसले, आणि ते गेल्यावर मला कळलं की मी तुम्हाला खोटं सांगितलंय. जाणूनबुजून नाही, पण खोटंच. फोनवर हे मला धड सांगता येणार नाही. म्हणून लिहिते आहे, आणि पहिल्यापासून लिहिते आहे.

तुम्ही आजोबांना निवृत्त झालेलेच पाहिलंत. लातूरकडच्या गावातून आयटीआय करून ते इकडे आले आणि चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या शेवटच्या तपासणीवर चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. भाग मापात आहे की नाही हे सांगणारं साधन म्हणजे गेज. पण शिफ्ट सुरू होताना आजोबा आधी गेजच तपासत. त्यासाठी एक नमुन्याचा तुकडा डबीत जपलेला असे, त्याचं माप पक्कं माहीत असे. त्याला मास्टर पीस म्हणत. मास्टर पीसवर गेज चुकलं, की त्याला लाल चिठ्ठी. मग ते गेज काय दाखवतं हे कुणी बघायचंसुद्धा नाही. ही सवय घरीही होती. मिठाचा नवा पुडा आला की आधी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून ते काटा तपासायचे. मी म्हणायचे, "अहो, आणि पुडाच कमी भरलेला असला तर?" तर म्हणायचे, "मग मिठाला लाल चिठ्ठी. तू कशाला काळजी करायलीस?"

मागच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा जाताना विमानाच्या बॅगांचं वजन जास्त भरलं आणि तुमचा तो पत्त्यांच्या खेळाचा जड खोका इथंच राहिला. ईरा, तूच त्यांना म्हणालीस, "आजोबा, हा एकट्यानंही खेळता येतो." जमिनीखाली गाडल्या गेलेल्या शहरात एकट्यानं दिवा घेऊन उतरायचं, तिथल्या वस्तू गोळा करायच्या आणि दिवा विझायच्या आत वर यायचं. सुरुवातीला हातात दहा साधी पानं. वाटेत जे मिळेल त्याची पानं आपल्या कॅटमध्ये भरत जायची, आणि काळोखाच्या गठ्ठ्यातून जे निघेल त्याला त्याच पानांनी तोंड द्यायचं. आजोबांना इंग्रजी येई ते ड्रॉइंगवरचं, वाक्यांचं नाही. म्हणून मी नियम मराठीत उतरवून दिले आणि प्रत्येक पानाचा मजकूर चिठ्ठीवर लिहून ते पान पातळ प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं. काळोखाला तोंड देता आलं नाही, की त्या गठ्ठ्यातलं एक निरुपयोगी पान आपल्या कॅटमध्ये येऊन बसे, त्याच्या नावावरून आमचा वादही झाला. मी 'भीती' लिहिलं होतं. ते म्हणाले, "भीती वाटते आन् जाते. हे पान जात नाही. धास्ती लिही." मी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. 'धास्ती. या पानाचा काही उपयोग नाही. टाकलं तरी ते फिरून तुमच्याच हातात येईल.'

रोज सकाळी दहाला, समोरच्या रस्त्यावरच्या कंपनीच्या बसेस ओसरल्या, की गॅलरीतल्या टेबलावर डाव मांडला जाई. एक सफर पंधरा-पंधरा दिवस चाले. आज जिथं थांबलं, तिथून उद्या पुढं. कॅट रबर लावून डब्यात. हरिभाऊ, त्यांच्याच शिफ्टला असलेले मोशीचे मित्र, आठवड्यातून दोनदा गाडीवरून येत आणि कट्ट्यावर बसून चेष्टा करत. "आरं दत्ता, येकटा पत्ते खेळनारा मानूस म्या पैल्यांदाच बघतोय. हारलास तर शिव्या कुनाला देतूस?"

"तू येतोस की. तुलाच देतो," आजोबा म्हणत.

पण ते हरत, आणि वाईट हरत. पाच नवी पानं उचलली तर त्यांत तीन धास्तीची. दिव्याची सोंगटी विझण्याकडे एकेक घर खाली येतेय आणि हातात करण्यासारखं काहीच नाही… मी आतून भाजी निवडताना पाहत असे. मग जेवताना ते बोलत नसत. मला वाटे, हा काय खेळ, करमणुकीसाठी आणलेला आणि माणूस असा झाकोळून बसतो.

त्याच सुमारास एक गोष्ट झाली होती. आजोबा दूध आणायला म्हणून संत तुकाराम नगरच्या चौकात स्कूटरवर गेले आणि पिशवी घेऊन चालत परत आले. स्कूटर डेअरीसमोरच राहिली. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे तुमच्या आईचे मोठे काका, शेवटची चार वर्षं स्वतःच्या मुलाला "आपण कोणत्या गावचे?" असं आदरानं विचारत. आजोबा दर दोन महिन्यांनी गावी जाऊन ते पाहून येत आणि परत आल्यावर दिवसभर कुणाशी बोलत नसत. त्या स्कूटरनंतर ते स्वतःकडे तसंच पाहायला लागले असावेत. मला तेव्हा ते समजलं नाही.

आता मी काय केलं ते लिहिते. एका सकाळी गॅलरी पुसताना डबा उघडा दिसला. मी वरचं एक धास्तीचं पान काढलं आणि माझ्या कपाटातल्या पाकिटात ठेवलं. तांदळातला खडा काढावा, तितक्या सहज. त्या दिवशी डाव जरा बरा झाला. दहा-बारा दिवसांनी आणखी एक काढलं. दोन महिन्यांत पाच. मला त्यात काही लपवाछपवी वाटली नाही. माणूस चार घास नीट जेवतो आहे, एवढंच मला दिसत होतं.

पण त्यांचं जेवण सुधारलं नाही. डाव जिंकले तरी चेहरा उतरलेलाच. एके दिवशी स्कूटरची किल्ली त्यांनी माझ्या किल्ल्यांच्या खिळ्याला आणून अडकवली. "आता तूच ठेव." मग गॅसचं सुरू झालं. "बघ बरं, बंद केलाय का मी?" मी बघायचे. दर वेळी बंदच असायचा. रक्तदाबाची गोळी हातात घेऊन विचारायचे, "सकाळची घेतली का गं मी?" त्यांच्या लक्षात असायचं, पण मी 'हो' म्हटल्याशिवाय त्यांना ते खरं वाटेना. डाव उघडताना ओठ हलताना दिसत. मला वाटलं, नामस्मरण करत असतील. मग दोन्ही हात कॅटवर ठेवून ते बराच वेळ तसेच बसत, पुढचं पान न उचलता… मी तुमच्या आईला फोन केला. म्हणाले, "मला लक्षण ठीक दिसत नाही, मोठ्या काकांसारखंच वाटतंय." तिनं तिकडून इथल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आजोबांना सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाले. वाद घालणारा माणूस 'बरं' म्हणाला, तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

त्या तारखेच्या आठ दिवस आधीची सकाळ. ते गॅलरीत उभे राहून डावा खांदा चोळत होते. मी विचारलं, "काय झालं?"

"छातीत भरल्यासारखं वाटायलंय कालपासून." मग लगेच म्हणाले, "जाऊ दे. माझ्या वाटण्याचं काय धरायलीस आता."

"जाऊ या का दवाखान्यात?"

"पुढच्या आठवड्यात जायचंच हाय की."

मुलांनो, मी ऐकलं. दुसऱ्या कुणी छातीचं नाव काढलं असतं, तर मी चप्पल घालून रिक्षा थांबवली असती. पण महिनाभर मी त्यांचं प्रत्येक म्हणणं आधी तपासून पाहत होते आणि मगच खरं मानत होते. दुपारी चारला टेबलाशी खुर्ची सरकल्याचा आणि ते कोसळल्याचा आवाज आला. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "आजी, एक-दोन दिवस दुखत असणार. बोलले नाहीत का?" मी म्हणाले, "त्यांना आठवत नसे काही." हे वाक्य मी म्हणाले. मला ते पाठ आहे.

बुधवारी हरिभाऊ आले. चहा हातात घेऊन गॅलरीतल्या टेबलाकडे पाहत राहिले. म्हणाले, "वहिनी, येक इचारू? त्यो पत्त्यांचा डबा हाय न्हवं अजून? त्यातली पानं कधी मोजली का तुमी?"

"मी कशाला मोजू?"

"दत्ता रोज मोजायचा. डाव आवरताना मोजून आकडा डोक्यात ठिवायचा. कागदावर न्हाई, लिवलं तर परीक्षा कसली, म्हनायचा. दुसऱ्या दिशी उघडल्यावर परत मोजायचा. आकडा जुळला की डोकं शाबूत. ह्यो माजा मास्टर पीस, म्हनायचा. तुमाला सांगू नको म्हनून शपत घातली व्हती मला." हरिभाऊंनी कप खाली ठेवला. "पाच बारी आकडा चुकला, वहिनी. दर बारी येक पान कमी. पाचव्या बारीला आला आन् म्हनला, हरिभाऊ, लागली राव मला लाल चिठ्ठी."

ते सांगत राहिले. "म्या म्हनलं, आरं यड्या, वहिनींनी उचललं आसंल येखादं. तर माज्यावरच उखडला. म्हनला, तिच्या कपाटातली सुई जागा सोडत न्हाई, ती माजी पानं हलवंल व्हय?"

मी उठले. कपाटातून पाकीट आणलं आणि पाच पानं त्यांच्यापुढं ठेवली. हरिभाऊंनी ती बोटानं एकेक सरकवून पाहिली, जणू सहावं कुठं निघतंय का. म्हणाले, "व्हय का…" आणि डोळे पुसून उठले. दारात वळून मात्र म्हणाले, "वहिनी, कुनाला सांगू नका. पोरांना तर न्हाईच. आता काय उपेग?"

मी दोन दिवस त्यावर विचार केला. उपयोग आहे. तुमची आई हल्ली किल्ली सापडली नाही की गप्प होते, हे मी फोनवर पाहिलंय. तिला वाटतंय, हे आपल्या घराण्यात आहे आणि बाबांनंतर तिची पाळी. तिला हे वाचून दाखवा. मोठ्या काकांना तो आजार होता. तुमच्या आजोबांना नव्हता. पाच वेळा त्यांचा आकडा जुळला नाही आणि पाचही वेळा त्यांनी बरोबरच मोजलं होतं. चूक माझ्या हातानं झाली होती. ती चांगल्या मनानं झाली, असं तुम्ही मला सांगाल. सांगू नका. मी ती पानं त्यांना विचारून काढायला हवी होती.

आणखी एक गोष्ट मला बुधवारी संध्याकाळी दिसली. नियमांच्या पुस्तकाच्या शेवटी खोक्यात काय काय आहे याची यादी छापलेली आहे. तेवढंच पान मी मराठीत उतरवलं नव्हतं, कारण खेळायला त्याची गरज नव्हती. त्यात धास्तीची पानं वीस लिहिली आहेत. आजोबांना ती ओळ वाचता आली असती, तर कॅटमधली आणि गठ्ठ्यातली धास्तीची पानं एकत्र मोजून त्यांना दोन मिनिटांत कळलं असतं, की पानं खोक्यातूनच गेली आहेत. मला विचारलं असतं तर मी वाचून दाखवलं असतं. पण मला विचारायचं म्हणजे, मोजतो आहे हे सांगायचं…

मी ती यादी आता मराठीत लिहून पुस्तकात ठेवली आहे. डाव त्यांनी सोडला तिथंच आहे. दिवा अजून चार घरं वर आहे आणि काळोखाच्या गठ्ठ्यात सात पानं उरली आहेत. पाच पानं मी परत कॅटमध्ये घातली आणि सगळी धास्तीची पानं दोनदा मोजली. वीस आहेत.