मागचा जिना आणि शेवेचे खोके

आमच्या धंद्यात आग क्वचित दिसते, किस्से मात्र रोज पेटतात. मी फायर सेफ्टी इंजिनीअर, मूळची जळगावची. नोकरी इंदुरात, खांडेकर सरांच्या छोट्याशा कन्सल्टन्सीत. काम काय, तर इमारती आणि दुकानं आगीच्या नियमांत बसवून द्यायची. कॉलेजच्या मैत्रिणी फोन करून विचारतात, "या आठवड्यात काय जळलं गं?" मी म्हणते, "फक्त मी."

आजचे किस्से एकाच इमारतीचे. बडा गणपतीजवळची, पाच मजली, खाली दुकानं, वर घरं. पालिकेची नोटीस आली होती: महिन्याभरात दोन्ही जिने मोकळे करा, नाहीतर दुकानांना सील. मला दुकानांची फिकीर नव्हती. पुढच्या जिन्यात धूर भरला तर वरच्या माणसांना उतरायला मागचा जिना तेवढा उरणार होता, आणि तोच बंद होता.

*

पहिल्या दिवशी सेक्रेटरी शिरवळकर काकांनी मोठ्या अभिमानाने हिरवा 'फायर एक्झिट'चा बोर्ड दाखवला. अंधारातही चमकणारा, बाणासकट. बाणामागे गेले, तर समोर खोक्यांची भिंत. तळमजल्यावरच्या ओमजी सेठची शेव, लसूण शेव, रतलामी शेव, पार दुसऱ्या मजल्यापर्यंत रचलेली.

"काका, इथून माणूस बाहेर कसा जाणार?"

काकांनी मान वर करून बोर्डाकडे पाहिलं. "बोर्ड तर बरोबर दिशेला लावलाय ना?"

सेठ तिथेच उभे होते. म्हणाले, "बेटा, टेन्शन नको घेऊ. आग लागली तर सगळ्यात आधी हे खोके मीच हटवणार. माझा माल आहे."

*

मग अग्निशामक सिलिंडर तपासले. सगळे नवे, भरलेले, तारीख चालू. आनंदाने मी एकाची पिन ओढून बघायला गेले, तर हलेना. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली होती. हळद, कुंकू, स्वस्तिक, आणि पिनेवरून हँडलपर्यंत लाल धागा असा करकचून गुंडाळलेला, की कात्रीसुद्धा हरली.

शिरवळकर काकू म्हणाल्या, "तो सोडू नको हं. पुढच्या दसऱ्यालाच बदलायचा असतो."

"आणि काकू, मधेच आग लागली तर?"

"मधे कशी लागेल? पूजा केलीये ना."

*

वाळूच्या लाल बादल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. त्यांत मेथी उगवली होती, कोवळी, लुसलुशीत. मी काही बोलणार तेवढ्यात काकूंनी त्या दिवशी सोबत आलेल्या सरांच्या हातात गरम मेथीचा पराठा दिला. सरांनी दोन घास खाल्ले, बादलीकडे पाहिलं आणि मला लिहायला सांगितलं, "वाळूची गुणवत्ता उत्तम."

*

पहिली मॉक ड्रिल. सायरन वाजला. मी खाली भोंगा घेऊन उभी, सगळे बाहेर येणार म्हणून. कोणी येईना. वर पाहिलं, तर सगळे गॅलऱ्यांत उभे राहून एकमेकांना विचारत होते, "कहाँ लगी है भिया?" मग बरेचसे गच्चीवर गेले, तिथून नीट दिसेल म्हणून. समोरच्या गल्लीतले लोक पळत आले आणि माझ्या बाजूने आत शिरले. मी भोंग्यातून ओरडतेय, "बाहेर या, बाहेर या," आणि एक गृहस्थ मला समजावतायत, "मॅडम, आधी बघू तर द्या."

ड्रिल संपली तेव्हा इमारतीत सुरू होतानापेक्षा जास्त माणसं होती.

*

मी सोसायटीची मीटिंग घेतली. स्लाइड्स दाखवल्या. माणूस जाळाने नाही, आधी धुराने जातो, हे सांगितलं. शेवेचं तेल, पुठ्ठा आणि प्लास्टिक एकत्र किती झटकन पेटतं, तेही सांगितलं. सेठ शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, चला, पोचलं.

"प्रश्न आहे," ते म्हणाले. "ताई, लग्न ठरलंय का तुमचं?"

मी चिडले. "सेठजी, चौथ्या मजल्यावर तुमची स्वतःची आई राहते. लिफ्ट बंद पडली आणि पुढच्या जिन्यात धूर असला, तर माँजी कुठून उतरणार?"

सेठ हळूच म्हणाले, "देपालपूरला गोदाम आहे माझं. दिवाळीनंतर हलवतो सगळं."

"आणि दिवाळीनंतर काय सुरू होतं?"

"लग्नसराई."

बाहेर पडल्यावर मी सरांना म्हटलं, "मी कायदा सांगून दमले, मरण सांगून दमले. आता काय सांगू?" सर स्कूटरला किक मारत म्हणाले, "तू जळगावची आहेस, तुझी चूक नाही. इंदूरच्या माणसाला मरणाची भीती नाही घालायची. बघ तू."

*

शनिवारी सकाळी सरांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'उद्या नऊ वाजता मागच्या अंगणात गरमागरम पोहे-जिलेबी. सायरन वाजला की उतरायचं. येणाऱ्यांनी फक्त मागच्या जिन्याने यावं. पुढून येणाऱ्याला मिळणार नाही.'

सेठनी लगेच अंगठा पाठवला. पाच मिनिटांनी काढून घेतला.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. दुपारी माँजींनी मुलाला बोलावून विचारलं, "मेरी जलेबी कौन लाएगा?"

"मैं ऊपर ला दूँगा, माँ."

"ठंडी?"

संध्याकाळी दोन टेम्पो भरून शेव देपालपूरला गेली.

रविवारी सर तपासणी अधिकाऱ्यांनाही घेऊन आले. नऊला सायरन वाजला. मागच्या जिन्याचं दार उघडलं आणि अख्खी इमारत रांगेत उतरली. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही, लिफ्टकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. तरण्या मुलांनी म्हाताऱ्यांना आधी वाट दिली. सगळ्यांत पुढे माँजी, एक हात कठड्यावर, दुसरा सेठच्या खांद्यावर. मला रडू यायचं बाकी होतं.

अधिकारी थक्क झाले. म्हणाले, एवढी शिस्तीची ड्रिल मी शहरात पाहिली नाही. ट्रेनिंग खरंच पोचलंय का ते बघायला त्यांनी माँजींसमोर वाकून विचारलं, "माँजी, सायरन बजे तो सबसे पहले क्या?"

माँजींनी क्षणाचाही विचार केला नाही.

"जलेबी. पोहा तो बाद में भी मिल जाता है."