नानांची बुडालेली जहाजं

मला पाहायला पाहुणे धुळ्याला आले, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. स्वयंपाक, शिवण, शिक्षण हे सगळं बाकीच्यांचं विचारून झालं होतं. नाना तोवर पोह्यांची बशी मांडीवर ठेवून गप्प बसले होते. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "टायटॅनिक कशानं बुडाली, सांगता येईल?"

माझे वडील गडबडले. मी गडबडले नाही, कारण आमच्या शाळेच्या कपाटात त्या बोटीवरचं एक फाटकं पुस्तक होतं आणि ते मी दोनदा वाचलं होतं. मी म्हणाले, "बर्फावर आपटली हे खरं. पण पुढे बर्फ आहे हे त्यांना दिवसभर कळवलं जात होतं. तरी वेग कमी केला नाही. म्हणून बुडाली."

नानांनी बशी खाली ठेवली. लग्न तिथंच ठरलं, असं सासूबाई पुढे नेहमी सांगायच्या. त्यांच्या सांगण्यात थोडी तक्रार असायची आणि थोडं कौतुक.

ही साठच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. नाना जळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. समुद्र त्यांनी फक्त नकाशात पाहिला होता. तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना जुन्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा मिळाला. त्यात बुडालेल्या बोटींच्या चौकशीची हकीकत होती, आणि तेव्हापासून त्यांना हे वेड लागलं. पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कात्रणं, स्वतः काढलेल्या आकृत्या आणि निरनिराळ्या साक्षीदारांची म्हणणी बारीक अक्षरात उतरवलेल्या वह्या होत्या.

संध्याकाळी समोरचे कापडदुकानदार शेठजी ओट्यावर येऊन बसत. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठजींची मराठी आमच्याइतकीच साफ. त्यांचं मत पक्कं होतं: बोट पाण्यात सोडताना काही विधीच केला नव्हता, साहेब लोक बाटली फोडतात तीसुद्धा फोडली नव्हती, मग दुसरं काय होणार? नाना सांगत की त्या कंपनीच्या कुठल्याच बोटीवर बाटली फोडत नसत, आणि बाकीच्या कितीतरी बोटी सुखरूप चालल्या. मग शेठजी इजिप्तच्या ममीवर येत. तळघरात शापित ममी होती, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. नाना म्हणत की ती ममी लंडनच्या संग्रहालयातून कधी हललीच नाही. आणि 'ही बोट देवालाही बुडवता येणार नाही' हे वाक्य कोणी उच्चारलं की नाना मांडीवर हात मारून सांगत, "मूळ लिहिलेलं होतं 'जवळजवळ न बुडणारी'. बुडाल्यावर लोकांनी 'जवळजवळ' गाळलं."

मी पहिलं वर्षभर हे सगळं आतून ऐकलं. एकदा कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळता मळता मला राहवलं नाही. नाना म्हणत होते की बोट अखंड बुडाली, चौकशीत तसंच ठरलं आहे. मी आतूनच म्हणाले की होडीत बसून पाहणाऱ्या कितीतरी लोकांनी ती मधोमध मोडल्याचं सांगितलं होतं, त्यांचं कोणी ऐकलं नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी माझा पाट नानांनी स्वतः उचलून उंबऱ्याजवळ ठेवला. महिन्याभरात तो ओट्यावर गेला. गल्लीत थोडी कुजबुज झाली, पण सासूबाई म्हणाल्या, "बसू दे तिला. ती नाही बसली तर ते मला विचारतील."

त्या एका मुद्द्यावर आम्ही पंधरा वर्षं भांडलो. पुढे पंच्याऐंशी साली ती बोट समुद्राच्या तळाशी सापडली, दोन तुकड्यांत. मी पेपर हातात घेऊन ओट्यावर आले, पण नाना जाऊन चार वर्षं झाली होती. ते भांडण जिंकून मला जराही बरं वाटलं नाही.

सांगायचं आहे ते मात्र सत्तरच्या आसपासचं. नानांच्या धाकट्या भावाची भडगावला गिरणेकाठी केळीची बाग होती. एकदा आम्ही तिकडे गेलो असताना वाफ्यांना पाणी देणं चाललं होतं. एक वाफा तुडुंब भरला, पाणी बांधावरून ओसंडून दुसऱ्यात गेलं, दुसरा भरून तिसऱ्यात. नाना चपला हातात घेऊन चिखलात उभेच राहिले. जेवायला बोलावलं तरी हलेनात. शेवटी मला म्हणाले, "सूनबाई, हेच झालं. बोटीच्या पोटात आडव्या भिंती होत्या, पण वरपर्यंत नव्हत्या. बांध बुटका होता."

जळगावला परतताच त्यांनी वनस्पती तुपाचे रिकामे डबे जमवले आणि गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पत्रेवाल्याकडून दोन हात लांबीचं जहाज करून घेतलं. आत बुटक्या भिंती, वर चार धुराडी. पुढच्या कप्प्यांना खिळ्याने भोकं पाडून ती मेणाने बुजवली आणि मेणात दोरे अडकवले, म्हणजे काठावरून ओढले की पाणी आत शिरेल. पत्रेवाल्याने विचारलं की हे गणपतीच्या आराशीसाठी का. नाना म्हणाले, नाही, बुडवायला आहे.

जळगावच्याच मेहरूणच्या तलावात एका रविवारी सकाळी प्रयोग करायचं ठरलं. तेव्हा मला धुळ्याच्या चाचांची आठवण झाली. ते माझ्या माहेरी भिंतीला भिंत लागून राहायचे आणि एका कापडगिरणीत बॉयलरवर कामाला होते. मोठ्या लढाईच्या काळात तीनेक वर्षं ते बोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला होते. लहानपणी त्यांनी आम्हाला बंदरांच्या खूप गोष्टी सांगितल्या होत्या, एडनचे उंट, रंगूनचे बाजार. त्यांची मुलगी मेहरूणलाच दिली होती आणि तिच्या बाळंतपणासाठी ते नेमके आलेले होते. नानांना मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "एवढा माणूस शेजारी होता आणि तू मला आज सांगतेस?" खरोखरच रागावले होते.

रविवारी तलावाच्या काठी पंचवीस-तीस माणसं जमली. चाचा पांढरा पायजमा-सदरा घालून आले आणि एका दगडावर उकिडवे बसले. नानांनी आधी सगळं समजावून सांगितलं, मग दोरे ओढले. जहाजाने हळूहळू नाक खाली घातलं. एक कप्पा भरला, दुसरा भरला, शेपूट वर आलं आणि मग ते सगळंच्या सगळं सरळ आत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "अखंड." मी म्हणाले की डब्याचा पत्रा एवढ्याशा वजनाने मोडणारच नाही, हा काही पुरावा होत नाही. शेठजी म्हणाले, नारळ फोडला असता तर तरंगलं असतं.

नाना रंगात आले होते. ते लोकांना सांगू लागले की आश्चर्य म्हणजे बोट बुडायला अडीच तासांहून जास्त वेळ लागला, आणि तिच्यावरचे दिवे अगदी शेवटची काही मिनिटं सोडली तर सारखे जळत होते. मग चाचांकडे वळून त्यांनी कौतुकाने विचारलं, "भाई, तुम्ही तर बोटीवर होता. हे दिवे कसे राहिले असतील?"

चाचा पाण्याकडेच पाहत होते. ते अहिराणीत म्हणाले, "मास्तर, दिवा काय आपसूक जळस का? खाले कोनीतरी ऱ्हास." खाली कोणीतरी राहतं, म्हणून.

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही धुळ्याला इतकी वर्षं शेजारी राहून कधी ऐकलं नव्हतं. त्यांची बोट लढाईत पाणसुरुंगाने फुटली होती. ते तेव्हा खाली भट्टीपाशी होते. अशा वेळी बॉयलर फुटू नये म्हणून आग बाहेर ओढून काढायची, जास्तीची वाफ सोडून द्यायची, पंप आणि दिवे चालू ठेवायचे, हे काम खालच्यांचंच. ते करून मग शिडी चढायची. शिडी लोखंडी, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी. त्यांच्या पाळीतले सात जण होते. वर दोघे आले.

नानांनी पाण्यातलं जहाज बाहेर काढायलाही कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी शेठजी आले तेव्हा म्हणाले, आज नको.

दुसऱ्या दिवशी ते नवी वही घेऊन मेहरूणला चाचांच्या मुलीकडे गेले. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही गेले. मला वाटलं बोटीच्या रचनेबद्दल विचारत असतील. पण परत आल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते वेगळंच होतं. शिडीवर चाचांच्या मागे त्यांचा सगळ्यात जवळचा दोस्त होता, कोकणातला. दोघे मुंबईच्या एका गिरणीत बॉयलरवर एकत्र होते आणि त्यानेच चाचांना बोटीवर नेलं होतं. त्याच्या घरी बायको होती आणि तान्हा मुलगा. कंपनीचं एक ओळीचं पत्र त्यांना गेलं असणार. चाचा स्वतः कधी गेले नाहीत. लिहिता येत नव्हतं हे एक कारण, पण खरं कारण त्यांनी नानांना तिसऱ्या दिवशी सांगितलं. आपण वर आलो आणि तो आला नाही, हे त्याच्या बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं, हे त्यांना पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

नाना शिक्षक होते. त्यांनी त्या दोस्ताच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक कार्ड लिहिलं. चाचांना आधी विचारलं नव्हतं, यावर आमच्यात वाद झाला. मी म्हणाले, विचारायला हवं होतं. ते म्हणाले की विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. मी म्हणाले, मग तर नक्कीच विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते एसटीने धुळ्याला जाऊन, एव्हाना घरी परतलेल्या चाचांसमोर चूक कबूल करून आले. चाचांनी त्यांना चहा पाजला आणि उत्तर आलं का एवढंच विचारलं.

उत्तर यायला दोन महिने लागले. पत्र शाळेतल्या कोणा गुरुजींच्या अक्षरात होतं, सांगणारी त्या दोस्ताची बायको. घरची मंडळी सुखरूप आहेत, मुलगा मोठा होऊन कामाला लागला आहे, असं लिहून शेवटी एकच विचारलं होतं: त्यांच्याजवळ शेवटी कोणी होतं का?

चाचा जळगावला आले. आमच्या ओट्यावर बसले. नानांनी पेन माझ्या हातात दिलं, म्हणाले, तुझं अक्षर जास्त बरं आहे. शेठजी रस्ता ओलांडून येऊ लागले होते, ते आमच्याकडे पाहून मध्येच परत फिरले.

"लिख बेटी," चाचा म्हणाले. "मी व्हतू. तो मना मांगे व्हता. शिडीवर मना पाय घसरना, तवय त्यानी खांदा देईसन माले वर ढकलं. मंग पानी उनं."

मी ते मराठीत नीट करून, शेवटच्या 'मग पाणी आलं'पर्यंत लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, खांद्याचं आलं का? मी म्हणाले, आलं. मग त्यांनी खाली अंगठा नाही उमटवला. माझ्याकडून आपलं नाव कागदाच्या तुकड्यावर काढून घेतलं आणि ते बघून बघून एकेक अक्षर गिरवत सही केली. नानांनी त्या सबंध वेळात एकही प्रश्न विचारला नाही.

पुढच्या मे महिन्यात त्या दोस्ताचा मुलगा आला. साधारण माझ्याच वयाचा, उन्हाने पार कोमेजलेला, हातात आमसुलांची पिशवी. जळगावचा उन्हाळा त्याने कधी पाहिला नव्हता. स्टेशनवर नाना आणि चाचा दोघेही गेले होते. चाचांनी त्याला लांबूनच ओळखलं, म्हणाले चालतो तसाच.

मला वाटलं होतं की घरात रडारड होईल. झाली थोडी, सासूबाईंचीच. मुलगा मात्र हात पाय धुऊन बसला आणि चाचांना म्हणाला, "बाबा कसे होते ते सांगा. बुडायचं नको, आधीचं सांगा."

चाचांनी मग सांगायला घेतलं. तो पत्त्यांत चोरून पानं बघायचा. बेसूर गायचा आणि कोणी हसलं की आणखी मोठ्याने गायचा. एकदा सुट्टीत धुळ्याला आला होता, तेव्हा वांग्याचं भरीत खाऊन नाका-डोळ्यांतून पाणी काढत तीनदा वाढून घेतलं होतं. मुलगा हसायला लागला. म्हणाला, आई सांगायची की खानदेशात काहीतरी जळजळीत खाऊन आले होते, ते हेच का?

मी उठले. अंगणात काटक्या पेटवून वांगी भाजायला ठेवली. ओट्यावरून चौघांचं बोलणं ऐकू येत होतं, कारण एव्हाना शेठजीही येऊन बसले होते आणि कोकणात केळी कशी येतात हे त्या मुलाला विचारत होते.